चाचणीखोलीतली दोन कार्डं

चेन्नईबाहेर गुम्मिडिपूंडीच्या त्या कारखान्यात मी सगळे मिळून तेरा-चौदा दिवस गेले असेन. एवढ्या दिवसांचं ओझं इतकी वर्षं पुरेल असं तेव्हा कोणी सांगितलं असतं तर मी हसले असते. तेव्हा मी सगळ्यालाच हसायचे. कऱ्हाडहून चेन्नईला येऊन दोन वर्षं झाली होती. पेरुंगुडीच्या एका काचेच्या इमारतीत आमच्या छोट्या कंपनीचा अर्धा मजला होता. ज्या कामापुढे बाकीच्यांनी हात टेकले ते माझ्या टेबलावर येतं, याचा मला माज होता. माजच म्हणते, दुसरा शब्द शोधत बसत नाही.

आमचं काम म्हणजे कारखान्यांचे जुने कॉम्प्युटर गोळा करून एका मोठ्या सर्व्हरच्या पोटात घालायचे. लोखंडी डबे भंगारात जायचे आणि त्यांच्या आतलं सगळं सर्व्हरमध्ये तसंच्या तसं चालू राहायचं. आपलं शरीर गेलंय याचा त्या जुन्या विंडोजला पत्ताही लागत नसे. अशा बिनशरीराच्या कॉम्प्युटरला व्हर्च्युअल मशीन म्हणतात. त्याला हात नसतात, ही त्याची अडचण. बाहेरच्या खऱ्या वस्तूला त्याला शिवता येत नाही. एखादं खरं कार्ड त्याला हवंच असेल तर ते सर्व्हरकडून काढून घेऊन थेट त्याच्या हवाली करावं लागतं. याला पासथ्रू म्हणत. दोन हजारचं दशक संपत आलं होतं आणि हे प्रकरण इतकं नवं होतं, की चाललं तर नशीब म्हणायचं आणि नाही चाललं तर विचारायचं कुणाला, हाच प्रश्न असायचा.

त्या कारखान्यात ट्रकच्या स्प्रिंगा बनत. तयार झालेली स्प्रिंग प्रेसमध्ये दाबून तिचा जोर मोजायचा आणि जोर कमी भरला तर ती बाजूला काढायची, एवढंच चाचणीखोलीचं काम. खोलीत प्रेस दोन होत्या, एक मोठ्या स्प्रिंगांची आणि एक लहान. दोन्हींच्या वायरी एका जुनाट कॉम्प्युटरमधल्या दोन कार्डांत जात. ही दोन कार्डं दिसायला जुळी. तीच हिरवी पट्टी, तेच सोनेरी दात. ती बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडली होती. फरक फक्त आत होता. प्रत्येक कार्ड जोर थोडा वेगळा दाखवायचं, एक किंचित जास्त, दुसरं किंचित कमी. म्हणून प्रत्येक कार्डाच्या पोटात त्याचा एक नंबर कोरलेला होता. सॉफ्टवेअर सुरू होताना तो नंबर वाचायचं आणि त्या कार्डाला लागू असलेली दुरुस्ती करून मगच आकडा पडद्यावर दाखवायचं.

जुना कॉम्प्युटर शेवटच्या घटका मोजत होता. तो जाऊन त्याच्या जागी सर्व्हर येणार होता, आणि वायरी लांब नेता येत नाहीत म्हणून तो सर्व्हरही त्याच खोलीच्या कोपऱ्यात बसणार होता. त्यात हजेरीचं मशीन, स्टोअरचं मशीन आणि चाचणीचं मशीन अशी तीन मशीनं चालणार होती. पहिली दोन मी एका दिवसात बसवली. तिसऱ्याने मात्र माझ्या नाकी नऊ आणले.

चाचणीखोलीत एक काका होते. अठ्ठावन्न वर्षांचे, कपाळावर आडवं गंध, खिशात दोन पेनं, आणि बोलणं इतकं हळू की प्रेस चालू असताना ऐकूच येत नसे. पहिल्या दिवशी मी आईशी फोनवर बोलत होते. जेवणाबद्दल तिचं नेहमीचं चाललं होतं आणि मी वैतागून उत्तरं देत होते. फोन ठेवला तर हे समोर उभे.

"तुम्मी मराठी कीं?" त्यांनी विचारलं.

मला क्षणभर कळेना की हा माणूस कोणत्या भाषेत बोलतोय. मग ते म्हणाले, त्यांचं मूळ तंजावूर, घरात मराठीच, बाहेर तमिळ. त्यांची मराठी ऐकून मला गंमत वाटली. आमच्या पणजोबांच्या कागदपत्रांत असायची तसली ती भाषा होती, आणि तिला चाल मात्र तमिळची. मी ऑफिसात जाऊन त्यांची नक्कलही केली. लोक हसले. इथे बाईमाणसाला, मग ती पाच वर्षांची असो की पन्नास, 'मा' जोडून बोलतात. तसं ते मला दुसऱ्या दिवसापासून 'मा' म्हणू लागले, आणि मी त्यांना काका म्हणू लागले.

दुपारी ते डबा माझ्यापुढे सरकवायचे. दही आणि उडदाच्या पिठाची डांगरपच्चडी असायची. म्हणजे आमच्याकडचं डांगरच ते, फक्त फोडणीत कढीपत्ता जास्त. मी पेरुंगुडीहून निघायची ती बीच स्टेशनला गाडी बदलून, एण्णूरकडच्या वीजकेंद्राच्या चिमण्या बघत, सकाळभर प्रवास करून पोचायची. त्यामुळे भूक लागलेली असायची आणि मी नको म्हणत नसे. डब्यातला निम्म्याहून जास्त भाग मी खायची.

त्यांच्या नोकरीचं कसं अधांतरी आहे ते मला तिसऱ्या दिवशी कळलं. कारखान्याच्या मॅनेजरला त्या खोलीत डिप्लोमा झालेला, कॉम्प्युटर शिकलेला तरुण माणूस हवा होता. काकांनी गयावया करून नवीन मशीनवर काम करायची परवानगी मिळवली होती. मॅनेजर म्हणाला होता, ठीक आहे, पण मालाची एक जरी तक्रार आली तरी मग माझ्याकडे येऊ नका. हे सगळं काकांनीच सांगितलं, तक्रार म्हणून नव्हे, नुसती माहिती म्हणून.

"दोन वर्षं आहेत मला," ते म्हणाले. "तेवढीं ह्याच खोलींत झालीं तर बरें, मा."

प्रत्येक लॉटच्या चाचणीच्या दाखल्यावर त्यांची सही असायची. चोवीस वर्षं तीच सही. ती करताना ते खिशातलं दुसरं पेन काढत. पहिलं नुसतं लिहायला.

मी काय काय केलं त्याचा पाढा वाचत नाही, पण थोडं सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. पहिल्यांदा सर्व्हर कार्डं सोडायलाच तयार नव्हता. सुरू झाल्याबरोबर तोच ती धरून बसायचा. त्याच्या तोंडून ती काढून घेण्यात एक दिवस गेला. मग कळलं की कार्डं बसवायचे जुन्या पद्धतीचे दोन्ही खाचे आत एकाच वाटेवर आहेत, म्हणजे द्यायची तर दोन्ही कार्डं एकाच मशीनला द्यावी लागतात. ते आम्हाला चालण्यासारखं होतं. मग आकडे यायला लागले, पण पाच-दहा मिनिटांनी आलेख गोठायचा. प्रेस खाली येतेय, स्प्रिंग दबतेय आणि पडद्यावरची रेघ आडवी. तो दोष सापडायला दोन दिवस गेले. कार्ड आणि सर्व्हरचा एक यूएसबीचा भाग एकच घंटी वापरत होते, आणि घंटी वाजली की दोघांपैकी कोणी उठायचं याचा घोळ व्हायचा. मी यूएसबीचा तो भाग बंदच करून टाकला. काका माझ्या मागे स्टुलावर बसून बघत असायचे. त्यांना कळत काही नसावं, पण रेघ पुन्हा हलायला लागली तेव्हा त्यांनी हात जोडले. सर्व्हरला जोडले की मला, ते मी विचारलं नाही.

आणि मग शेवटची अडचण आली. सॉफ्टवेअर सुरू होताना कार्डाच्या पोटातला नंबर वाचायचं ना, तो व्हर्च्युअल मशीनच्या आतून वाचताच येईना. कार्ड दिसत होतं, आकडे देत होतं, पण नंबराच्या जागी कोरं. नंबर नाही म्हणून सॉफ्टवेअर उघडत नव्हतं. मी तीन दिवस त्यावर डोकं आपटलं. इंटरनेटवर कुठे कुणी असं काही लिहिलेलं सापडेना. पेरुंगुडीहून माझ्या साहेबांचे फोन दिवसातून चारदा यायला लागले. इकडे मॅनेजर दारातून डोकावून घड्याळ बघून जायचा.

त्या तीन दिवसांतच केव्हातरी काकांनी मला एक गोष्ट सांगितली होती. दरवर्षी आयुधपूजेला ते कॉम्प्युटर उघडायचे, दोन्ही कार्डं बाहेर काढायचे, त्यांचे सोनेरी दात शाळेतल्या खोडरबराने घासून लख्ख करायचे, पट्टीला चंदनाचा ठिपका लावायचे आणि परत बसवायचे. आमच्याकडेही खंडेनवमीला वडील दुकानातला तराजू आणि वजनं घासून फुलं वाहायचे, म्हणून मला त्यात काही नवल वाटलं नाही. खोडरबराने दात घासायची युक्ती तर आम्ही ऑफिसातही करायचो. काका म्हणाले, एका वर्षी कार्डं उलटसुलट बसली होती.

"तें उघडलेंच नाहीं, मा. 'हें कार्ड इथलें नव्हें' म्हणून सांगट्लें. मग मीं बदलून बसविलें. आपलें कोण, परकें कोण, त्यास बरोबर कळतें."

हे मी ऐकलं होतं. कानाआड गेलं असं म्हणायची सोय नाही. मी तेव्हा हसून म्हणालेसुद्धा, की काका, तुमचं मशीन माझ्यापेक्षा शहाणं आहे.

चौथ्या दिवशी सॉफ्टवेअरच्या फोल्डरात एक साधी फाइल सापडली. तिच्यात नंबर हाताने लिहायची सोय होती, आणि खाली एक ओळ होती, तपासणी चालू की बंद. मी पहिल्या खाच्यापुढे पहिला नंबर लिहिला, दुसऱ्यापुढे दुसरा, आणि तपासणी बंद केली. सॉफ्टवेअर तत्काळ उघडलं. दोन्ही प्रेसवर ठरावीक वजनं ठेवून बघितली, आकडा अगदी काट्यावर. मॅनेजर खूश झाला, माझे साहेब फोनवर खूश झाले. त्या ओळीने नेमकं काय गेलं हे मला कळत नव्हतं असं नाही. आता त्या मशीनला आपलं कार्ड कोणतं ते ओळखता येणार नव्हतं. पण कार्डं जागच्या जागी असताना ओळखायची गरज काय, असा मी विचार केला. ही ओळ मी कुठल्याही कागदावर लिहिली नाही. लिहिली असती तर काम अर्धवट दिसलं असतं.

मला साडेपाचची गाडी पकडायची होती. मी वायरी गुंडाळत होते आणि काका दारात उभे होते. अजून काहीतरी विचारायचं आहे पण विचारू की नको, असं त्यांचं चाललेलं दिसत होतं.

"पुढल्या महिन्यांत पूजै येते," ते म्हणाले. "ही नवी पेटी उघडून पुसली तर होईल कीं, मा?"

"होईल की काका," मी म्हणाले. "फक्त आधी नीट बंद करा आणि वायर काढा, शॉक बसेल नाहीतर."

मान वर करून मी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. बॅगेची चेन अडकली होती, ती ओढत होते. गाडी मिळाली.

पूजेनंतर तीन आठवड्यांनी फोन आला. ट्रक बनवणाऱ्या कंपनीने मोठ्या स्प्रिंगांचा माल परत पाठवला होता. स्प्रिंगा नरम होत्या आणि सगळ्यांच्या दाखल्यावर चाचणी उत्तीर्ण म्हणून सही होती. माझ्या साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून सांगितलं की जा, बघून ये, पण आपलं नाव कुठे येता कामा नये. खिडकीबाहेर पेरुंगुडीच्या कचरा डेपोचा धूर पसरला होता आणि एसीतूनही त्याचा वास येत होता. फोनवर एवढंच ऐकल्यावर काय झालं असणार ते मला इथे बसूनच कळलं होतं.

तरी मी गेले आणि सर्व्हर उघडला. दोन्ही कार्डांच्या पट्ट्यांवर चंदनाचा ठिपका होता, वाळून तडे गेलेला. दात लख्ख होते, इतके की माझ्या ऑफिसातली नवी कार्डंही तशी चमकत नसत. आणि कार्डं एकमेकांच्या जागी बसली होती. वायरींना मीच डावी-उजवी अशा चिठ्ठ्या लावल्या होत्या, त्यामुळे त्या मात्र बिनचूक होत्या. मोठ्या प्रेसची वायर आता दुसऱ्याच कार्डात होती, सॉफ्टवेअर त्याला पहिल्याचीच दुरुस्ती लावत होतं, आणि जोर आहे त्यापेक्षा जास्त दिसत होता. कोरी करकरीत चूक. कुठे लाल अक्षर नाही, कुठे आवाज नाही.

काकांचं रजिस्टर टेबलावर होतं. पूजेनंतरच्या दिवसांत बाजूला काढलेल्या मोठ्या स्प्रिंगांची संख्या एकदम खाली आलेली होती. ते जवळ येऊन हळूच म्हणाले, की त्यांना वाटलं होतं पूजेनंतर माल चांगला यायला लागला. घरी बायकोलाही तसं सांगितलं होतं. मला त्या वेळी त्यांचा रागच आला. आकडे इतके बदलले तर माणसाला शंका यायला नको का, असं मनात आलं. आपली चूक लपवायची असली की दुसऱ्याचा भोळेपणा फार खुपतो, हे मी तेव्हापासून स्वतःवर ताडून बघितलं आहे.

मीटिंग मॅनेजरच्या खोलीत झाली, इंग्रजीत. मॅनेजर, मी, आणि दाराजवळ उभे काका. मी सांगितलं की कार्डांची अदलाबदल झाली आहे, पेटी उघडून साफ करताना. हे खरं होतं. मॅनेजरने काकांना विचारलं, कुणाला विचारून उघडलीत? काकांनी माझ्याकडे बघितलं. विनवणी नव्हती त्यात. मी आता सांगेन, आणि विषय संपेल, अशा खात्रीने ते बघत होते. घरातलं माणूस शेजारी असलं की आपण जसे निर्धास्त असतो तसे.

मॅनेजरने मग मला विचारलं, पेटी उघडू नका असं तुम्ही त्यांना सांगितलं नव्हतं का?

"सर्व्हर उघडायचा नसतो, हे सगळ्यांना माहीत असतं," मी म्हणाले.

हे माझंच वाक्य. मी सांगितलं होतं असं मी म्हणाले नाही, नव्हतं सांगितलं असंही नाही. इतकं सफाईदार वाक्य मी आधी कधी जुळवलं नव्हतं. काकांना इंग्रजी चांगलं कळायचं, चोवीस वर्षं ते इंग्रजीतच दाखले लिहीत होते. त्यांनी नजर खाली घेतली. मॅनेजरने काहीतरी लिहून घेतलं.

मी खोलीत येऊन कार्डं जागेवर बसवली, वजनं ठेवून आकडे तपासले आणि ऑपरेटरने पेटी उघडली एवढंच कारण अहवालात लिहिलं. काका मागे येऊन त्याच स्टुलावर बसले. मी म्हटलं, आता हे मला विचारणार, की मी होईल म्हणाले होते ते विसरले का. त्याची उत्तरं मी मनात तयार करत होते. पण त्यांनी ते विचारलंच नाही. त्यांचं कोडं दुसरंच होतं.

"मागें उलटें बसविलें तेव्हां त्यानें सांगट्लें," ते म्हणाले. "ह्या वेळेस कां सांगट्लें नाहीं, मा?"

"व्हर्च्युअल मशीनमध्ये होतं असं कधीकधी," मी म्हणाले.

"असेल," ते म्हणाले. "मला त्यांतलें काय कळतें."

त्यांनी विश्वास ठेवला. ते चिडले असते, ओरडले असते, मला खोटारडी म्हणाले असते, तर मला बरं वाटलं असतं. बॅग उचलताना त्यांनी विचारलं, जेवलीस कीं? मी हो म्हणाले. तेही खोटंच होतं.

त्यानंतर आठवड्याभरात त्यांना घरी बसवलं. आमच्याकडे कारखान्याचा एक ईमेल आला, त्यात शेवटी एका ओळीत ते होतं. माझे साहेब म्हणाले, चला, मिटलं. मी त्या दिवशी हॉस्टेलवर न जाता तिरुवान्मियूरच्या समुद्रावर जाऊन बसले आणि भरदुपारी रडले. मग उठून एक चहा प्यायले. लोक रडतात आणि मग चहा पितात. दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात होते.

पण ते कोरं राहिलेलं नंबराचं घर मला सोडेना. मी संध्याकाळी, जेवणाच्या सुट्टीत, मिळेल तेव्हा त्याच्या मागे लागले. परदेशातल्या कुणा अनोळखी माणसांना ईमेल लिहिले. शेवटी एकाने उत्तर दिलं. कार्डाच्या पोटातली ती जागा व्हर्च्युअल मशीनपासून मुळातच झाकलेली असते, ती उघडी करायला एक ओळ लिहावी लागते, एवढंच. एकच ओळ. त्या तीन दिवसांनंतर चौथा, पाचवा दिवस मी चिकाटीने काढला असता, तर कदाचित तेव्हाच मिळाली असती. साहेबांना मी म्हणाले की सर्व्हरची नेहमीची देखभाल करून येते.

खोलीत डिप्लोमावाला माणूस होता. सभ्य होता, त्याने मला खुर्ची दिली. स्टूल तिथे नव्हतं. काकांबद्दल मी गेटवरच्या वॉचमनला येतानाच विचारलं होतं. घर सोडून ते तंजावूरला भावाकडे गेले, एवढंच त्याला माहीत होतं. पत्ता त्याच्याकडे नव्हता. मी तरी इतके दिवस त्यांचा डबा खाल्ला आणि ते राहतात कुठे हे कधी विचारलं नव्हतं.

ती ओळ लिहिली, हाताने घातलेले नंबर काढून टाकले, तपासणी पुन्हा चालू केली. सॉफ्टवेअर उघडलं. मग मी सगळं बंद केलं, पेटी उघडली आणि मुद्दाम कार्डं एकमेकांच्या जागी बसवली. चंदनाचा एक तडकलेला तुकडा माझ्या बोटाला लागून खाली पडला. मशीन पुन्हा सुरू केलं. पडद्यावर एक चौकट आली, पहिल्या खाच्यातलं कार्ड इथलं नाही म्हणून, आणि तिथेच ते थांबलं. ही चौकट मी तोपर्यंत पाहिली नव्हती. काकांनी सांगितलेली तेवढीच ऐकली होती.

नव्या माणसाने घाबरून विचारलं, काही बिघडलंय का. मी नाही म्हणाले. कार्डं परत जागेवर लावली. तो म्हणाला, पुढच्या पूजेला पेटी साफ करावी लागेल, चालेल का? मी म्हणाले, चालेल, चुकलं तर ते सांगेल.

मग त्याने देखभालीचा कागद माझ्यापुढे ठेवला. मॅनेजरने तो आधीच भरून ठेवला होता. 'मागील दोषाचे कारण' या रकान्यात माझ्याच पहिल्या अहवालातलं वाक्य उतरवलेलं होतं, ऑपरेटरने परवानगीशिवाय पेटी उघडली म्हणून. 'परवानगीशिवाय' हा शब्द माझा नव्हता, तो मॅनेजरने घातला होता. रकान्यात खाली दोन ओळींची जागा मोकळी होती. माझ्या हातात पेन होतं. मॅनेजर जागेवर नव्हता, कुणी घाई करत नव्हतं, आणि या खेपेला मला काय लिहायचं ते पूर्ण माहीत होतं.

मी घड्याळ बघितलं. खाली सही केली आणि साडेपाचची गाडी पकडली.